बनूकाकीच्या चोवीस लेकी

बनूकाकी गेली हे मला गणूच्या फोनवरून कळलं. गणू तिचा एकुलता एक मुलगा, भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोदामात माल चढवा-उतरवायचं काम करतो. "आये गेली," एवढंच म्हणाला, आणि मग बराच वेळ फोनमध्ये ट्रकांचे हॉर्नच ऐकू येत राहिले. मी भिवंडीतच, कामतघरच्या माझ्या दुकानात एका जळक्या मोटारीचं वायंडिंग उसवत बसलो होतो. हात थांबले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं आज होणार नाही, उद्या या. तो म्हणाला, "उस्ताद, मेरा लूम बंद है सुबह से." मी त्याच्यावर उगाचच ओरडलो. माझा स्वभावच तसा आहे. रडायचं असलं की मी ओरडतो, आणि मग दिवसभर माझं मलाच वाईट वाटत राहतं.

काकी माझ्या नात्यातली नाही, गोतातली नाही. तिची माझी ओळख सोलरमुळे झाली. गणेशपुरीच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपल्यावर अर्धा तास चालायचं, की चाळीसेक घरांचा एक पाडा लागतो. तिथे विजेचे खांब होते, तारा होत्या, फक्त वीज नव्हती. म्हणजे यायची, पण रुसून बसलेल्या जावयासारखी, आली तर आली. भात निघालं, दिवाळी झाली, की पाड्यातली निम्मी घरं बंद व्हायची. कोणी वीटभट्टीवर, कोणी वडप्याच्या गोदामांत. पाऊस तोंडावर आला की परत. घराला कुलूप लावायचीही गरज नसायची, कारण आत काही राहिलेलंच नसायचं.

एका संस्थेने ठरवलं, या पाड्यापुरती वीज पाड्यातच तयार करायची. पॅनेल तिथेच, बॅटऱ्या तिथेच, तारा तिथूनच घरोघर. साहेबलोक त्याला मायक्रोग्रिड म्हणायचे. पाड्याने पहिल्याच आठवड्यात त्याचं 'लायटीचं घर' करून टाकलं. उभारणीचं आणि नंतरच्या देखभालीचं काम मला मिळालं. मी जन्मभर यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त केलेला माणूस. सोलरचं शिकलो ते वयाच्या पंचेचाळिशीत, दोन दिवसांच्या शिबिरात, त्यातला अर्धा वेळ झोपून. पण हे कोणाला सांगतो कशाला.

लायटीचं घर सांभाळायला पाड्यातलंच एक माणूस हवं होतं. सभा भरली. मला दहावी झालेला एखादा तरुण पाहिजे होता. पण तरुण सगळे वडप्याला. सभेत राहिलेले म्हातारे, बायका आणि कोंबड्या. तेवढ्यात मागून एक बाई उठली. सावळी, काटक, पदर खोचलेला, हातात विळा. गवत कापता कापता सभेला आलेली.

"मी करीन," म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, हे मशीनचं काम आहे."

"मंग मी काय न्हाणी बांधायचा बोलले काय?"

सगळे हसले. माझं तोंड उतरलं. ती शांतपणे लायटीच्या घरापाशी गेली. आत इन्व्हर्टर नुकताच चालू केला होता, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारी ती पेटी. काकीने चपला दाराबाहेर काढल्या, पेटीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं आता हिच्या अंगात येणार. ती म्हणाली, "आतला पंखा कशाला तरी घासतोय."

मी पेटी उघडली. माझ्याच हातून राहिलेलं प्लास्टिकच्या पट्टीचं टोक पंख्याच्या पात्याला लागत होतं. मला ते ऐकू आलं नव्हतं. तिला हाताला कळलं होतं.

नंतर समजलं, बाई वीस वर्षं कामतघरला होती. नवरा लूमवर, ही त्याच लूमसाठी कांड्या भरायची, धाग्याच्या. चाळीस माग एकदम चालत असताना कुठला माग आजारी आहे हे तिला जमिनीच्या थरथरीवरून समजायचं. नवरा गेल्यावर माहेरी परत आली, या पाड्यावर. भावाने एक खोपटं आणि तुकडाभर जमीन दिली. गणू तेव्हा पंचविशीचा. त्याला कामतघरच्या कापसाच्या कस्पटांनी दम लागायचा, म्हणून तो वडप्याला गोदामात गेला. तिथेच आठ-दहा जणांच्या खोलीत राहायचा. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, झोपायचा, जायचा.

काकीला आयुष्यात एकच पाहिजे होतं. गणूने घरी यावं आणि परत जाऊ नये. लायटीच्या घराचं काम तिने अंगावर घेतलं ते त्यासाठी, हे तिने मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. "हिथं गिरन चालली, तं माझा पोर हिथं राहील," ती म्हणायची. बाकीचं सगळं, संस्था, पर्यावरण, साहेबांची भाषणं, तिच्या लेखी गणूला घरी आणायची सोय होती.

मला ती नावाने कधी हाक मारायची नाही. 'वायरमन'. रागावली की 'ए वायरमन', खुशीत असली की 'वायरमन, बाला'. मी तिला काकी म्हणायचो आणि घाबरायचो. पॅनेलवर पक्ष्याची एक शिट दिसली तरी माझी खरडपट्टी निघायची, जणू पक्षी मीच पाठवले होते.

बॅटऱ्यांची गोष्ट सांगायलाच हवी. गुडघ्याएवढ्या उंचीच्या चोवीस बॅटऱ्या, दोन रांगांत. मी त्यांना आकडे देणार होतो. काकी म्हणाली, आकडे माझ्या ध्यानात राहायचे न्हाईत. मग तिने त्यांना पाड्यातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुलींची नावं दिली. सुली, यमी, बारकी, चांगुणा, ताई, धाकली ताई. तेविसावर गाडी अडली तेव्हा स्वतःला मोजलं. "मी बी हिथलीच लेक न्हाय का?" मला ब्रश घेऊन प्रत्येकीवर ऑइलपेंटने नाव घालायला लावलं. साहेब आले तेव्हा त्यांना वाटलं, ही बॅटऱ्या दान करणाऱ्यांची नावं. ते भक्तिभावाने वाचत होते.

तिच्या बोलण्यात मग त्या मुलीच झाल्या. "सुलीला ताप हाय आज," म्हणजे बॅटरी गरम लागते आहे. "यमी लय पानी पिते." बॅटरीतलं आम्ल मोजायची काचेची नळी असते, तिच्यावर हिरवा, पांढरा आणि लाल असे पट्टे असतात. काकीला आकडे वाचता येत नव्हते, रंग येत होते. रोज सकाळी चोवीस जणींना नळी लावायची. मी दोन महिन्यांनी गेलो की न बघता सांगायची, कोण हिरव्यात, कोण पांढऱ्यात. कधी चुकली नाही.

गौरी-गणपतीला खऱ्या लेकी माहेरी आल्या की लायटीच्या घराबाहेर रांग लागायची. प्रत्येकीला आपली बॅटरी बघायची असे. कामतघरला दिलेली सुली तर भांडायलाच उभी राहिली. "आत्ये, मना कोपऱ्यात का ठेवलीस? ती चांगुणा बघ कशी दारात बसलीय!" काकीने तिला गंभीरपणे समजावलं, की कोपऱ्यात ऊन लागत नाही, तू नाजूक आहेस म्हणून तुला तिथे ठेवली. सुली खूश. काकी माझ्याकडे बघून डोळा बारीक करून हसली.

माहेरवाशिणींच्या बाबतीत तिचा एक नियम होता. एकीला जे दिलं ते सगळ्यांना. एकीच्या ओटीत नारळ पडला तर चोवीस नारळ. एकीला काकडी तर सगळ्यांना काकडी, मग ती फाक करून का असेना. "लेकींत दुजाभाव केला का घर बसतं," असं तिचं म्हणणं. तिच्या आईने तिला हेच शिकवलं होतं.

आणि तिने आणलंच गणूला घरी. दुसऱ्या वर्षी संस्थेने भाताची छोटी गिरणी दिली. त्याआधी बायका डोक्यावर पोती घेऊन दोन तास चालत भात कांडायला जायच्या. गणू चार दिवसांच्या रजेवर आला होता. गिरणी बसवताना मला मदत करत होता. त्याचा हात चांगला होता, आईचाच. पहिलं पोतं ओतलं, पट्टा फिरला आणि तांदूळ पडायला लागला. काकी वाकून धारेखाली ओंजळ धरून उभी होती. ओंजळ भरली, सांडली, तरी हात काढेना. गणू म्हणाला, "आये, बास, पोत्यात जाऊ दे." ती म्हणाली, "जाऊ दे काय? तू सांग आधी, जातोस का राहतोस?"

गणूने माझ्याकडे बघितलं. मी कशाला मध्ये पडू? मी पाना शोधायला लागलो. तो म्हणाला, "राहतो."

तो राहिला. गिरणी चालवायला लागला. आजूबाजूच्या तीन पाड्यांचं भात तिथे यायला लागलं. लायटीवर चालणाऱ्या पंपाच्या पाण्यावर भेंडी झाली, दोघी-तिघींची शिलाई मशिनं मोटारीवर चालायला लागली. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी पाड्यावर गेलो, तर सगळ्या चुलींतून धूर येत होता. एकही घर बंद नव्हतं. मी हे आजवर शेकडो ठिकाणी वायरी ओढून कुठेच बघितलेलं नाही. गणूचं लग्न झालं. काकी सासू झाली, आणि सुनेला पहिल्या दिवशी घर दाखवायच्या आधी लायटीचं घर दाखवून आणलं.

कडकपणा मात्र अंगात होताच. गावातल्या एका पुढाऱ्याच्या पुतण्याची हळद होती. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि डीजे नसेल तर ती हळदच नाही. त्यांना डीजे लायटीच्या घरावरून चालवायचा होता. मी तिथे होतो, पण पुढाऱ्याशी वाकडं नको म्हणून पानाला चुना लावत बसलो. काकी दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसली. पुढारी म्हणाला, "बनूबाय, एका दिसानी काय व्हतंय?"

"एका दिसात माझ्या चोवीस पोरी झोपतील. उंद्या तुझ्या सुनेला अंधारात उतरवशील का?"

"तुला म्हाईत हाय ना मी कोन हाय?"

"म्हाईत हाय. हलद तुझी हाय, नाच. ढोल आन. मी बी येते नाचायला."

ढोल आणावा लागला. आणि ही बाई खरोखर संध्याकाळी हळदीच्या मांडवात जाऊन अशी नाचली की पुढाऱ्यालाच हसू आवरेना. जाताना त्याने तिला साडी दिली. ती साडी तिने पुढे एकदाच नेसलेली मी बघितली, त्याचं सांगतो.

आता जे सांगायचं आहे ते जिवावर येतं. पण काकीबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, तर लिहूच नये.

बॅटरीतलं पाणी उन्हाळ्यात आटतं. त्यात साधं पाणी घालून चालत नाही, वाफेपासून बनवलेलं शुद्ध पाणी लागतं. त्याचे कॅन मी भिवंडीहून घेऊन जायचो. काकीला मी दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. विहिरीचं पाणी कधी घालायचं नाही, आणि आतल्या पट्ट्या कधी उघड्या पडू द्यायच्या नाहीत. पट्ट्या उघड्या पडल्या की बॅटरी मेली. तिने ते मंत्रासारखं पाठ केलं होतं.

सहाव्या वर्षी उन्हाळा भयंकर होता. मे महिन्यात काकीचा फोन आला. "वायरमन, पानी उतारलंय. आठ जनींचं लय खाली गेलंय. कॅन घेऊन ये." मी म्हटलं, येतो परवा. तेव्हा माझ्याकडे वडप्याच्या एका मोठ्या गोदामाच्या छपरावर पॅनेल बसवायचं काम होतं. असलं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते पावसाच्या आत संपवायचं होतं. परवा गेला, आठवडा गेला. पुन्हा फोन आला. म्हटलं, येतोच. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी छपरावर होतो, घामाने डोळे चुरचुरत होते, आणि मी फोन उचलला नाही. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मला वाटलं, निभावलं असेल.

मी गेलो ते तीन आठवड्यांनी. लायटीच्या घराचं दार उघडलं आणि वास आला. बॅटरीच्या आम्लाचा वास मला पाठ आहे, हा तो नव्हता. नाकात झोंबणारा, खारट. झाकणांच्या कडेने पिवळट बुरशीसारखं काही फुगून आलं होतं. काकी मागून आली. अंगावर हळदीला मिळालेली ती साडी होती. चेहरा उजळलेला.

"तुझी लय वाट बघितली," म्हणाली. "मंग मीच गेले. पट्ट्या दिसाय लागल्या व्हत्या रं. मी इचार केला, विहिरीचा न्हाय चालत. त्याच्यापरीस चांगला पानी कुठला? गनेशपुरीला गरम कुंडावर गेले. पहाटेच, कोनी अंघोलीला उतरायच्या आधी. मानसांचे रोग बरे व्हतात त्या पान्यानी. वाफा तं आपसूक येतात, इस्तव लागत न्हाय. नव्या फडक्यातून सात बारी गालून घेतला. गार केला. उपाशी पोटी घातला. ही साडी नेसून."

गरम झऱ्याच्या पाण्यात जमिनीखालचे सगळे क्षार असतात. माणसाच्या कातडीला ते बरं असेल. बॅटरीच्या शिशाला ते विष आहे. मी एकेका झाकणाला हात लावत गेलो. आठ बॅटऱ्यांचं पाणी उतरलं होतं, म्हणजे आठच गेल्या असतील, असा हिशोब मी मनात मांडत होतो. आठ मी कुठूनही उभ्या केल्या असत्या. जुन्या-पान्या, उसनवारीने, कोणाचे पाय धरून. बाकीच्या सोळांवर गाडा ओढता आला असता. नवव्या बॅटरीचं झाकण उघडलं. तोच वास. दहावी, तोच वास.

"काकी, या सगळ्यांत घातलंस?"

"मंग?" तिला प्रश्नच कळला नाही. "आठ जनींना कुंडाचा पानी आनायचा अन् बाकीच्यांना न्हाय? थोडा थोडा सगल्यांना दिला."

मी खाली बसलो. ती घाबरली, पाणी आणू का विचारायला लागली. मी मान हलवली. आणि मी काय केलं? ओरडलो. अशा बाईवर, जिने पहाटे अंधारात गणेशपुरीपर्यंत चालत जाऊन, उपाशी पोटी, जगात तिला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं पाणी आणलं होतं, तिच्यावर मी ओरडलो. "तुला अक्कल नाही का?" असं काहीतरी म्हणालो. ती पदराने सुलीच्या झाकणावरचं ते पिवळं पुसत राहिली.

पावसाळ्यात एकेक बॅटरी गेली. दिवे आधी मिणमिणले, मग गिरणी थांबली. संस्थेकडे नव्या बॅटऱ्या मागितल्या. साहेब म्हणाले, कारण लेखी द्या. वस्तू खराब निघाली असेल किंवा देखभाल करणाऱ्याची हयगय असेल, तर आम्ही बघू. पाड्याच्याच माणसाची चूक असेल, तर त्यात आम्ही काही करू शकत नाही, मुदतही संपत आली आहे. देखभाल करणारा मी. माझी हयगय लिहिली असती, तर बॅटऱ्या कदाचित मिळाल्या असत्या आणि माझं काम गेलं असतं, संस्थेचं आणि कदाचित गोदामांचंही. घरी बायकोचं ऑपरेशन व्हायचं होतं. ही सबब नाही, खरं आहे. आणि खरं असूनही सबबच आहे.

मी लिहिलं, 'स्थानिक देखभालीतील चूक.' खाली काकीची सही हवी होती. लायटीच्या घराच्या वहीसाठी ती सही करायला शिकली होती, एकेक अक्षर कोरून काढायची. "काय लिवलंस?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बॅटऱ्या संपल्या, असं." तिने जीभ दातांत धरून सही केली. सगळी अक्षरं रेघेवर आली की नाही, ते कागद लांब धरून बघितलं. मग माझ्याकडे दिला, त्याची एक प्रत लायटीच्या घराच्या वहीत राहिली.

नव्या बॅटऱ्या आल्या नाहीत. दिवाळी झाली. गणू गिरणीचा पट्टा काढून, तेल लावून, गुंडाळून ठेवून वडप्याला गेला. त्या वर्षी अर्धी घरं बंद झाली. काकी दोन वर्षं सून-नातवंडांना घेऊन तिथेच राहिली. रोज लायटीचं घर झाडायची म्हणे. मी तीन-चारदा जाऊन आलो, उगाच, कामाशिवाय. ती चहा करायची, जाताना पिशवीत तांदूळ घालायची, आपल्या गिरणीत कांडलेला नव्हे, आता पुन्हा डोक्यावर पोतं नेऊन कांडून आणलेला. मग गणूने वडप्याला खोली घेतली, बायको-पोरांना नेलं, आणि काकीलाही. घर बंद करून ती माहेरातून दुसऱ्यांदा बाहेर पडली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते तिथेच. एका गोदामाच्या वायरिंगचं बघायला गेलो होतो. दुपारची शिफ्ट बदलत होती. गेटबाहेर बायकांची रांग, सगळ्यांच्या साड्यांवर ते भडक पोपटी जाकीट आणि गळ्यात कार्ड. रांगेतून आवाज आला, "वायरमन!" मी ओळखलंच नाही आधी. जाकीट तिला दोन माणसांएवढं मोठं झालं होतं. वाळून गेली होती. तिने माझा हात धरला आणि समोरच्या टपरीवर नेलं. बायकोची तब्येत विचारली, मुलाचं लग्न ठरलं का विचारलं. खोक्यांवर चिकटपट्टी लावायचं काम करते म्हणाली, बसून असतं, चांगलं आहे. मग गोदामाकडे बघत म्हणाली, "हिथं लाईट कवाच जात न्हाय. भर दुपारी बी चालू ठेवतात. कोन बघतं रं तिच्याकडं?"

मला ते सहन झालं नाही. मी सगळं बोलून टाकलं. की ती बोलावत होती तेव्हा मी इथेच होतो, याच नाक्यापलीकडे एका छपरावर. की मला येता आलं असतं. की तिसरा फोन मी मुद्दाम उचलला नाही. की कागदावर मी तिची चूक लिहिली.

ती चहा पीत राहिली. कप खाली ठेवला. "म्हाईत हाय मना," म्हणाली. "सुलीच्या पोरीनी वाचून दाखवला व्हता कागद."

"कधी?"

"त्याच साली. गवरीला."

म्हणजे त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, तिने चहा केला, तांदूळ दिला, तेव्हा तिला ठाऊक होतं. "मग बोलली का नाहीस काकी? चार शिव्या तरी द्यायच्या होत्यास."

"बोलले असते तं तू यायचा थांबला असतास," ती म्हणाली. "पाड्यावर येनारा तू येकलाच व्हतास."

आत भोंगा वाजला. रांग सरकायला लागली. ती उठली, जाकिटाची चेन लावली, आणि मग थांबली.

"येक सांगशील का? खरा सांग. मी त्या आठ जनींनाच पानी घातला असता, तं बाकीच्या जगल्या असत्या?"

तिच्या मागे ट्रक लागत होते. पाठीवर पोती घेतलेली माणसं फळीवरून चढत होती, उतरत होती. त्यांतला एखादा गणू असेल. मला दिसला नाही, मी शोधलाही नाही.

"नाही काकी," मी म्हटलं. "सगळ्या जुन्याच झाल्या होत्या. कशाही गेल्याच असत्या."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग हात वर करून माझ्या गालावरून फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली, पोरांची दृष्ट काढतात तशी.

"बरा," म्हणाली, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.